वाघालाही जंत होतात

‘रानातल्या वाघाला जंताचे औषध कोण देतो?’ असे एका वाचकाने मला विचारले. कोणीच नाही. धडधाकट वाघाच्या विष्ठेतही जंतांची अंडी सापडतात, गोचिड्या निराळ्याच. खरखरीत जिभेने तो अंग चाटून काढतो. अधूनमधून गवत खातो. न पचलेल्या गवताबरोबर काही जंत बाहेर पडत असावेत, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. माझ्या मते खरी भिस्त प्रतिकारशक्तीवर. पोटभर शिकार मिळते तोवर जंत बेताने राहतात.

ही शक्ती ढासळली की काय होते, ते वाघाच्या भाऊबंदांत, सिंहांत दिसले. १९९४ साली टांझानियातील सेरेंगेटीत सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले. आधी दुष्काळ पडला, रोडावलेल्या रानम्हशींवर गोचिड्या माजल्या. त्यांच्यातून बॅबेसिया हा रक्तातला परजीवी सिंहांत शिरला. त्यातच कुत्र्यांमधला डिस्टेंपरचा विषाणू आला. त्याने प्रतिकारशक्ती दाबली आणि बॅबेसियाला रान मोकळे झाले. २०१८ मध्ये गुजरातेत गीरच्या मृत सिंहांतही हीच जोडगोळी आढळली.

जंगलालगतच्या वाचकांनी आपल्या कुत्र्याला डिस्टेंपरची लस पशुवैद्याकडून टोचून घ्यावी. रेबीजची लस वेगळी, तिने हे काम होत नाही.