पॉन्टून नौकेचा वेग आणि पाण्याची अडवणूक

उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या सरोवरांवर मोठ्या संख्येने वावरणारी पॉन्टून नौका म्हणजे दोन्ही तोंडे बंद केलेल्या दोन लांब, पोकळ ॲल्युमिनियम नळ्या, त्यांवर आडव्या पट्ट्या टाकून बसवलेला सपाट मंच, मंचाभोवती कठडा, आत सोफ्यासारखी आसने आणि मागे टांगलेले आउटबोर्ड इंजिन. प्रयागच्या कुंभमेळ्यात गंगेवर उभे राहणारे तात्पुरते पूलही अशाच पोकळ पिंपांवर तरंगतात. मिनेसोटा राज्यातील रिचमंड गावचे शेतकरी ॲम्ब्रोझ वीअर्स यांनी 1952 साली पोलादी पिंपे एकापुढे एक जोडून त्यांच्या दोन रांगांवर लाकडी मंच बसवला आणि तो तेथील हॉर्सशू सरोवरात सोडला, तेव्हा त्यांना हवा होता तो फारसा न डुलणारा आणि कुटुंबाला निवांत बसता येईल असा तराफा. वेगाचा विचार त्यात नव्हताच. पुढे याच तराफ्याने स्कीवर उभ्या माणसाला ओढावे, पलीकडच्या काठावर झटपट पोहोचवावे, अशी अपेक्षा केली जाऊ लागली आणि वेग वाढवणे म्हणजे मोठे इंजिन लावणे हा समज रूढ झाला. हा समज अर्धाच खरा आहे, कारण पाणी नौकेला कोठे आणि कसे अडवते हे न पाहता वाढवलेली अश्वशक्ती बरीचशी लाटा उठवण्यात खर्ची पडते.

पाण्याच्या या अडवणुकीचे दोन प्रमुख भाग आहेत. नौकेच्या भिजलेल्या पृष्ठभागाशी पाणी घासल्याने होणारे घर्षण हा पहिला, आणि पाणी बाजूला सारताना उठणाऱ्या लाटांत जाणारी शक्ती हा दुसरा. हे दोन भाग वेगळे काढून मोजण्याची पद्धत विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने 1870 च्या दशकाच्या आरंभी टॉर्की येथे लांब हौद बांधून, त्यात नौकांच्या लहान प्रतिकृती ओढून घालून दिली. नौकेने उठवलेल्या लाटेची लांबी वेगाबरोबर वाढत जाते, आणि ती पाण्यातील नौकेच्या लांबीएवढी झाली की नौका जणू स्वतःच्याच दोन लाटांच्या मधल्या खळग्यात अडकते. पाण्यातील लांबी 6.4 मीटर असेल तर हा टप्पा ताशी सुमारे 11 किलोमीटरवर येतो. रुंद तळाच्या नौकेला तेथून पुढे जाण्यासाठी पाण्यावर उचलले जाऊन घसरत जावे लागते. पॉन्टूनच्या नळ्या मात्र व्यासाच्या दहापट लांब, म्हणजे चांगल्याच सडपातळ असल्याने त्यांच्या लाटा लहान उठतात आणि हा टप्पा त्या पाणी कापतच ओलांडतात. त्यानंतरचा हिशेब घर्षणाचा असतो व तो कठोर आहे: वेग दुप्पट झाला की घर्षण जवळजवळ चौपट होते आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती जवळजवळ आठपट.

येथेच नळीचा गोल आकार आड येतो. वक्र पृष्ठभागावरून वेगाने वाहणारे पाणी त्याला चिकटून वर वळते, तेथे दाब कमी होतो आणि नळी खाली खेचली जाते. म्हणजे जितका वेग अधिक, तितकी नौका खोल बसण्याची आणि तिचा भिजलेला भाग वाढण्याची प्रवृत्ती. सपाट तळाच्या स्पीडबोटीत नेमके उलट घडते. या अडचणीवर काढलेला तोडगा साधा, पण फार परिणामकारक आहे. नळीच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या पातळीखाली ॲल्युमिनियमच्या तिरप्या पट्ट्या लांबीभर वितळजोडाने बसवतात. त्यांना इंग्रजीतून आलेल्या ‘लिफ्टिंग स्ट्रेक’ या नावानेच ओळखले जाते. पट्टीची खालची सपाट बाजू पाण्याला खाली ढकलते आणि त्या प्रतिक्रियेने नळी वर उचलली जाते, तर पट्टीची धारदार कड वर चढू पाहणारे पाणी तेथेच तोडून बाहेर फेकते. नळी वर आली की भिजलेला भाग घटतो आणि त्याच इंजिनावर वेग वाढतो. पुरेशी शक्ती नसलेल्या संथ नौकेला मात्र या पट्ट्यांचा उपयोग जवळजवळ नाही, कारण उचल निर्माण होण्यासाठी मुळात काही वेग असावा लागतो.

दोन नळ्यांच्या आतल्या बाजूंनी उठणाऱ्या लाटा मंचाखाली मध्यभागी एकमेकींना भिडतात आणि त्यांचे फवारे मंचाच्या उघड्या आडव्या पट्ट्यांवर आदळतात; प्रत्येक पट्टी म्हणजे एक छोटा बांधच. मंचाच्या खालून ॲल्युमिनियमचा गुळगुळीत पत्रा मारला की हे पाणी अडखळण्याऐवजी मागे निसटते, आणि लाटा असलेल्या पाण्यात हा फरक विशेष जाणवतो. याहून मोठा फेरबदल म्हणजे मधोमध तिसरी नळी बसवणे. घर्षणाचा पृष्ठभाग वाढवूनही ती फायद्याची ठरते, कारण तरंगण्याची ताकद वाढल्याने वजनदार इंजिनाचा भार पेलतो आणि पट्ट्यांसह तिन्ही नळ्या मिळून नौकेला खऱ्या अर्थाने पाण्यावर घसरत नेऊ शकतात.

एवढा खर्च करण्याआधी पाहण्याच्या गोष्टी क्षुल्लक वाटतात, म्हणूनच त्या राहून जातात. सुमारे 64 सेंटिमीटर व्यासाच्या दोन नळ्यांची नौका आठ माणसे आणि इंधन भरल्यावर साधारण निम्मी बुडालेली असते. एखाद्या सांध्यातून नळीत पाणी झिरपले असेल, तर ते अदृश्य ओझे कायम सोबत फिरते. नळ्यांवरचे शेवाळ घर्षण झपाट्याने वाढवते, आणि सेंट क्लेअर सरोवरात 1988 साली आढळल्यापासून उत्तर अमेरिकेत पसरलेले झेब्रा शिंपले तर पृष्ठभाग खरवडीसारखा करून टाकतात. ते चिकटू नयेत म्हणून तांबेयुक्त रंग लावण्याचा मोह टाळलेला बरा, कारण पाण्यात तांब्याच्या संपर्काने ॲल्युमिनियम गंजते. मंचावर उभारलेले कापडी छतही वेगात शिडासारखे वारा धरते. ते मिटून ठेवण्यास एक पैसा लागत नाही.

इंजिनाची शक्ती पाण्याला पोहोचवतो तो पंखा, म्हणजे प्रोपेलर, आणि तो चुकीचा असेल तर बाकीचे सारे व्यर्थ. लाकडात पिळला जाणारा स्क्रू एका फेऱ्यात जसा ठरावीक अंतर आत जातो, तसा पंखा एका फेऱ्यात तत्त्वतः जितका पुढे सरकेल त्या अंतराला ‘पिच’ म्हणतात. इंजिन मिनिटाला 5,600 फेरे घेत असेल, गिअरमुळे पंख्याच्या वाट्याला त्यांतले सुमारे 2,400 येत असतील आणि पिच 13 इंच असेल, तर हिशेबाने वेग ताशी जवळजवळ 48 किलोमीटर येतो. पण पाणी घट्ट नसल्याने पंखा निसटतो, आणि ही घसरण 20 टक्के धरली तर हाती 38 किलोमीटर राहतात. पिच वाढवला की वेग आपोआप वाढेल, ही कल्पना येथे फसते. जड नौकेवर मोठ्या पिचच्या पंख्याने इंजिन दमते आणि निर्मात्याने सांगितलेल्या कमाल फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही, तर फार लहान पिचने ते मर्यादेबाहेर पळते. पिच एका इंचाने कमी केल्यास फेरे साधारण 150 ते 200 ने वाढतात, हा ठोकताळा धरून, नेहमीइतकी माणसे बसवून आणि फेरेमापकावर नजर ठेवूनच पंखा निवडावा लागतो. स्टेनलेस स्टीलची पाती ॲल्युमिनियमपेक्षा पातळ घडवता येतात आणि दाबाखाली कमी वाकतात, म्हणून ती वेगाला अनुकूल, पण महाग.

इंजिनाची उंची आणि कल या दोन गोष्टी पाना हाती घेऊन किंवा बटण दाबून बदलता येतात. इंजिन खोल टांगलेले असेल तर त्याचा पायच पाण्याला अडवतो. फार वर घेतले तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढून घेतो आणि फेरे वाढूनही नौका पुढे जात नाही. पंख्यावरची आडवी पट्टी हवा ओढली जाऊ नये म्हणूनच असते, आणि पूर्ण वेगात ती पाण्याच्या पृष्ठभागालगत राहील अशी उंची सहसा योग्य ठरते. कल थोडा बाहेर दिला की नौकेची नाळ, म्हणजे पुढचे टोक, उचलले जाते व नळ्यांचा पुढचा भाग पाण्याबाहेर येतो.

हे सारे साधल्यानंतरच मोठ्या इंजिनाचा विचार फलदायी होतो. मिसूरी राज्यातील लेक ऑफ द ओझार्क्सवरील वेगस्पर्धेत खास बांधणीच्या पॉन्टून नौकांनी ताशी 100 मैलांची, म्हणजे 160 किलोमीटरची मर्यादा ओलांडली आहे, पण त्या नौकांचे घरगुती नौकेशी नाते नावापुरतेच. नौकेवरील निर्मात्याच्या फलकात कमाल अश्वशक्ती दिलेली असते, आणि ती सरळ रेषेतील वेगापेक्षा अन्य गोष्टींनी ठरते. वेगातून एकदम थांबताना नाळ लाटेखाली शिरू शकते, आणि कठड्याबाहेर पुढे बसलेला माणूस पडला तर नौका व पंखा त्याच्यावरूनच जातात. 26 फुटांखालील नौकांवर, चालक जागेवरून फेकला गेल्यास इंजिन बंद करणारी दोरी किंवा तत्सम साधन चालकाने जोडून घेणे अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून बंधनकारक आहे, ते अशाच धोक्यांमुळे. शिवाय वळणावर दोन नळ्यांची नौका बाहेरच्या बाजूला कलते आणि प्रवासीही तिकडेच ढकलले जातात, तर मधली नळी किंचित खाली बसवलेली तीन नळ्यांची नौका स्पीडबोटीप्रमाणे आतल्या बाजूला झुकते. म्हणून दोन नळ्यांच्या नौकेचा सुरक्षित वेग इंजिनाआधी तिचे वळण ठरवते.