स्वनिर्मित विमानातील सामानकप्पे : जागा, वजन आणि गुरुत्वमध्य

प्रस्तावना :
हौशी व्यक्तीने शिक्षणासाठी वा छंदासाठी स्वतः बांधलेल्या विमानास स्वनिर्मित विमान असे म्हणतात. अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये स्थापन केलेल्या एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनमुळे या छंदास संघटित रूप प्राप्त झाले. महाराष्ट्रात वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानामुळे हा विषय परिचित झाला. अशा लहान विमानात सामानासाठी जागा अपुरी असते. त्यामुळे हत्यारे, तेलाचा डबा, विमान बांधून ठेवण्याचे दोर यांसाठी अनेक जण स्वतः कप्पे जोडतात. हे काम वरवर सुतारकामासारखे भासत असले तरी त्यात वैमानिकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न गुंतलेला आहे. प्रस्तुत लेखात त्यामागील तत्त्वांचा विचार केला आहे.

१. गुरुत्वमध्याचे गणित :
कप्प्यात किती सामान मावते यापेक्षा तो गुरुत्वमध्यापासून किती दूर आहे, हे अधिक महत्त्वाचे असते. उदाहरणार्थ, ७०० किलो वजनाच्या विमानात गुरुत्वमध्याच्या १.५ मीटर मागे १० किलो सामान ठेवले, असे मानू. वजन व अंतर यांच्या गुणाकारास ७१० या नव्या एकूण वजनाने भागल्यास गुरुत्वमध्य सुमारे २१ मिलिमीटर मागे सरकतो. अनुज्ञेय मर्यादा २०० मिलिमीटरची असेल, तर एका पिशवीने तिचा दहावा हिस्सा व्यापला. तेच सामान ०.२ मीटर अंतरावर ठेवल्यास हे सरकणे ३ मिलिमीटरहूनही कमी भरते.

गुरुत्वमध्य मर्यादेबाहेर मागे गेल्यास विमानाचे स्थैर्य घटते आणि स्टॉलमधून सावरताना नाक खाली आणणे कठीण होते. शिवाय इंधनाची टाकी गुरुत्वमध्याच्या पुढे असेल, तर इंधन जळत जाते तसतसा तो आणखी मागे सरकतो. उड्डाणाच्या वेळी सुरक्षित असलेले विमान उतरताना असुरक्षित ठरू शकते. म्हणून दोन्ही स्थितींचे गणित मांडणे आवश्यक आहे.

२. आराखड्यांतील उदाहरणे :
बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझी विमानात पंखाच्या मुळाशी असलेल्या रुंद भागात सामानाची सोय आहे. व्हॅन्स एअरक्राफ्टच्या आरव्ही-८ मध्ये आसने एकामागे एक असल्याने मागील प्रवाशाचे वजन गुरुत्वमध्य मागे नेते. तेथे वैमानिकाच्या पुढेही एक सामानकप्पा असून त्यातील वजन समतोलास साहाय्यक ठरते.

३. बांधणीतील दक्षता :
अपघातात सामान जडत्वाने पुढे फेकले जाते. वेग घटण्याचा दर गुरुत्वत्वरणाच्या ९ पट असल्यास २ किलोची हत्यारपेटी १८ किलो वजनाइतक्या जोराने पुढे रेटली जाते. म्हणून कप्प्याचे झाकण, कडी व जोड त्या बळास पुरेसे हवेत. एलिव्हेटरचे दांडे किंवा रडरच्या तारा जेथून जातात तेथे सुटी वस्तू पोहोचू नये, यासाठी आडपडदा आवश्यक असतो. भार वाहणाऱ्या पत्र्यास वा स्पारला आराखड्याबाहेरचे छिद्र पाडू नये. लोखंडी हत्यारे होकायंत्रापासून दूर ठेवावीत. कप्प्याच्या दारावर कमाल वजनाची नोंद करावी.

४. नियमांची बाजू :
अमेरिकी नियमांनुसार वजन, समतोल वा मजबुतीवर लक्षणीय परिणाम करणारा बदल मोठा बदल गणला जातो. असा बदल केल्यावर विमानाची पुन्हा चाचणी-उड्डाणे करून नोंदवहीत तशी नोंद करावी लागते. बदल किरकोळ असला तरी विमान तराजूवर पुन्हा तोलून समतोलाचा तक्ता सुधारणे हितावह असते.

समारोप :
सारांश, स्वनिर्मित विमानात रिकामी दिसणारी प्रत्येक जागा सामानासाठी उपलब्ध असतेच असे नाही. आराखडा करणाऱ्याने एखादी जागा बहुधा सकारण रिकामी सोडलेली असते. ते कारण समजून घेऊन, गणित मांडून व नोंद करून जोडलेला कप्पाच सोयीचा ठरतो. बांधणाऱ्यास मिळालेल्या स्वातंत्र्याबरोबर येणारी ही जबाबदारी आहे, कारण त्या विमानातून प्रथम उड्डाण करणारा बहुधा तो स्वतःच असतो.