लिव्हर ट्रान्सप्लांटमध्ये रक्त कधी देतात, कधी थांबतात?



लिव्हर बदलायचं ठरलं की घरात दोन काळज्या सुरू होतात, पैसा आणि रक्त. आज रक्ताबद्दल बोलू.

रक्त गोठवणारे बहुतेक घटक लिव्हरच तयार करतं. ते निकामी झालं की हे घटक कमी पडतात. प्लीहा, म्हणजे पाणथरी, फुगून प्लेटलेट अडकवून ठेवते. पोटातल्या शिरांचा दाब वाढलेला असतो आणि तिथंच कित्येक तासांचं ऑपरेशन करायचं असतं. कुणाला रक्ताची एकही पिशवी लागत नाही, कुणाला वीस लागतात. आधी नक्की सांगता येत नाही, म्हणून रक्तदाते तयार ठेवायला सांगतात.

"हिमोग्लोबिन 8 आहे, तरी रक्त चढवत नाहीत. गरीब म्हणून टाळतात का?" असं नातेवाईक आम्हाला विचारतात. भेदभाव आपण भोगलाय, शंका येणारच. पण इथं बहुतेकदा कारण वेगळं असतं. रक्त आणि प्लाझ्मा जास्त भरला की शिरांचा दाब आणखी वाढतो, रक्तस्राव वाढतो, फुफ्फुसात पाणी होऊ शकतं. शिवाय पिशवीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेलं असतं. आजारी लिव्हरला ते लवकर जिरवता येत नाही, मग रक्तातलं कॅल्शियम घसरतं आणि हृदयाला धोका होतो. म्हणून रक्तस्राव नसेल तर हिमोग्लोबिन साधारण 7 च्या खाली जाईपर्यंत डॉक्टर थांबतात. तरीही कारण विचाराच. मराठीत नीट समजेपर्यंत विचारा, तो आपला हक्क आहे.

बदली रक्त देणाऱ्याचा गट रुग्णाशी जुळायलाच हवा असं नाही. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5 हवं. सगळ्यांना एकाच दिवशी नेऊ नका, प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. कोणी कधी यायचं ते रक्तपेढीला विचारा. "आमच्याच मुलाचं रक्त बापाला द्या" असा हट्ट नको. सख्ख्या नात्यातलं रक्त रेडिएशन न देता चढवलं तर क्वचित जिवावर बेततं. पिशवीवर गट आणि नंबर असतो, आडनाव नसतं, हे बरंच आहे. रक्ताची विक्री कायद्याने बंद आहे. पेढी फक्त प्रक्रियेचा खर्च घेऊ शकते, त्याची पावती मागा. दारात उभ्या दलालाला पैसे देऊ नका.

रुग्णाला आधी कधी रक्त चढवलं असेल किंवा बाईची बाळंतपणं झाली असतील, तर पहिल्याच भेटीत सांगा. अशांच्या रक्तात कधी कधी अँटिबॉडी तयार झालेल्या असतात आणि जुळणारी पिशवी शोधायला दिवस लागतात. जुने कागद फाटके असले तरी सोबत न्या.