वैष्णवांचा नमस्कार

दोन वारकरी भेटले की आधी कोणी वाकायचे, हा प्रश्न उरत नाही. दोघेही वाकतात, एकमेकांच्या पायांना हात लावतात आणि ‘रामकृष्ण हरी’ म्हणतात. सत्तरीचे आजोबा विशीतल्या टाळकऱ्याच्या पाया पडतात आणि तोही त्यांच्या पडतो. मराठी घरात सासू सुनेच्या पाया पडत नाही आणि धानाचा मालक रोजंदारीवरच्या गड्याच्या पडत नाही. टाळ-मृदंगाच्या मेळ्यात मात्र हे रोज घडते. आपण माणसाला नव्हे, त्याच्यातल्या विठ्ठलाला वाकतो, अशी यामागची धारणा आहे. म्हणून समोरचा कोण, याची चौकशी नमस्काराआधी होत नाही. ज्ञानेश्वरांचे ‘माऊली’ हे संबोधनही याच धारणेतून सर्वांचे झाले. दिंडीत पाणी वाटणारी बाई, रस्त्यावर बंदोबस्ताला उभा असलेला पोलीस, चुकून पायावर पाय देणारा अनोळखी माणूस, सगळेच माऊली.

हा आचार जिथे शिकला जातो ती मोठी शाळा म्हणजे पंढरीची पायी वारी. गोंदिया जिल्ह्याला ती शाळा दूरची आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा राज्याच्या पूर्व टोकाला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमेवर आहे. आषाढी येते तेव्हा इथल्या बांध्यांमध्ये धानाची रोवणी चाललेली असते. पाऊस साधला की चिखलणी आणि रोवणी एक दिवसही थांबवता येत नाही, म्हणून घरातल्या कर्त्या माणसांना पंधरा-वीस दिवस पायी चालणे जमत नाही. ज्यांना जमते ते गोंदियाहून कोल्हापूरकडे जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस धरतात. काही जण नागपूर जिल्ह्यातल्या धापेवाड्याला जातात. तिथल्या नदीचे नावही चंद्रभागा आहे आणि आषाढीनंतर विठ्ठल तिथे येतो, अशी विदर्भातल्या भाविकांची श्रद्धा आहे. बाकीच्यांसाठी गावचे विठ्ठल-रखुमाईचे देऊळ हीच पंढरी. कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत पहाटेची काकड आरती आणि धान घरात आल्यावर मांडला जाणारा अखंड हरिनाम सप्ताह, या दोन प्रसंगांत इथला माणूस वैष्णवांची रीत शिकतो.

जिल्ह्यातले सगळे वैष्णव वारकरी नाहीत. अर्जुनी मोरगाव तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वस्त्या आहेत. बंगालच्या वैष्णव परंपरेत चैतन्य महाप्रभूंचे नामसंकीर्तन केंद्रस्थानी असते आणि आपण मान मागू नये, दुसऱ्याला मात्र तो द्यावा, ही चैतन्यांची शिकवण तिथे आचाराचा पाया मानली जाते. कृष्णभक्त महानुभावांचा या भूमीशी संबंध तर तेराव्या शतकापासूनचा आहे. पंथसंस्थापक चक्रधरस्वामींना त्यांचे शिष्य नीळभट्ट भांडारेकर भेटले ते भंडाऱ्यातच. महानुभाव एकमेकांना ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात. सीमेकडच्या हिंदीभाषक गावांत तुळसीदासांच्या रामचरितमानसाचे पारायण होते. गावाच्या रस्त्यावरचा रोजचा नमस्कार मात्र बहुधा ‘राम राम’ असाच ऐकू येतो. त्याच रस्त्यावर गोंड बांधव ‘जय सेवा’ म्हणतात आणि बौद्ध बांधव ‘जय भीम’. या अभिवादनांना त्याच शब्दांत उत्तर देणारा वारकरी स्वतःच्या पंथाची रीत अधिक नीट पाळतो, असेच म्हणायला हवे. समोरच्याला त्याच्या श्रद्धेसकट मान देणे हे वैष्णवाच्या नमस्कारातच आले.

नमस्काराला इतके महत्त्व का, हे संतकथांत पुन्हा पुन्हा सांगितले आहे. त्यातली सर्वांत बोलकी कथा नामदेवांची. तेरच्या गोरोबा कुंभारांकडे संतमंडळी जमली होती. निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेवांनी नामदेवांना नमस्कार केला, पण विठ्ठलाच्या निकटच्या या भक्ताला उलट वाकावेसे वाटले नाही. ही गोष्ट वयाने सर्वांत लहान असलेल्या मुक्ताबाईच्या ध्यानात आली. तिने गोरोबांना विचारले, यांतली मडकी कोणती पक्की आणि कोणती कच्ची? गोरोबा थापटणे घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर मारत गेले. सगळे शांत राहिले, नामदेव मात्र चिडले. कच्चे मडके सापडले. पुढे नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि जिथे देव नाही अशी जागा शोधूनही सापडत नाही, हे तिथे शिकले. कथेचा भर लक्षात घेण्यासारखा आहे. नामदेवांची विठ्ठलावरची भक्ती कमी नव्हती. उणीव होती ती माणसांसमोर वाकण्याची. वारकरी परंपरेने आपल्या सर्वांत लाडक्या भक्ताची ही उणीव झाकून ठेवली नाही, कीर्तनांतून ती शतकानुशतके सांगत राहिली.

देवळातल्या वागण्याचे नियम या मानाने सरळ आहेत. पाय धुऊन आत जावे, गरुड किंवा मारुती समोर असेल तर आधी त्याला हात जोडावेत, दृष्टी आधी देवाच्या चरणांवर आणि मग मुखावर न्यावी. गर्दीत चरणांपर्यंत पोचता आले नाही तर मुखदर्शनावर आणि तेही घडले नाही तर कळसाच्या दर्शनावर समाधान मानावे. कळस दिसला म्हणजे वारी पोचली, असे मानणारे हजारो वारकरी रांगेत न उभे राहताच परततात. पंढरपुरात दर्शनाचा क्रमही अर्थपूर्ण आहे. महाद्वारात आधी चोखोबांच्या समाधीला नमस्कार, मग नामदेव पायरीला, आणि त्यानंतर आत. पायरीवर पाय पडू नये याची काळजी प्रत्येक जण घेतो.

वैष्णव ग्रंथांत बत्तीस सेवापराध सांगितले आहेत. देवासमोर पाय पसरून बसणे, झोपणे, खाणे, भांडणे, खोटे बोलणे, मोठ्याने गप्पा मारणे, पाठ करून बसणे हे सगळे त्यांत येते. आणखी एक अपराध आज विशेष आठवावा असा आहे: देवासमोर दुसऱ्या कोणाची स्तुती करणे. सप्ताहाच्या मांडवात कीर्तन थांबवून पाहुण्यांचे सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, भाषणे होतात. गावाला त्यात वावगे वाटेनासे झाले आहे. जुन्या नियमाप्रमाणे मात्र ही चूकच आहे. त्या मांडवात मान फक्त विठ्ठलाचा आणि श्रोत्यांचा असतो.

सप्ताह सात दिवस चालतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथ्यावरचे भजन किंवा प्रवचन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. या सगळ्यात एक वस्तू क्षणभरही खाली ठेवली जात नाही, ती म्हणजे वीणा. सप्ताह बसल्यापासून काला होईपर्यंत दिवसरात्र कोणीतरी ती गळ्यात घेऊन उभे असते आणि नामस्मरण चालू ठेवते. याला पहारा म्हणतात. गावातली माणसे पहाऱ्याच्या वेळा वाटून घेतात. थंडीतल्या उत्तररात्री मांडवात एकटा विणेकरी उभा असतो, तरी सूर तुटत नाही. पुढचा माणूस आला की आधी दोघे एकमेकांच्या पाया पडतात, मग वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. ज्याच्या गळ्यात ती असेल त्याला कीर्तनकारसुद्धा वाकतो. दिवसभर शेतात राबणारा माणूस त्या वेळेपुरता मांडवात सर्वांत वंदनीय ठरतो आणि पहारा संपला की पुन्हा सर्वांसारखा श्रोता होतो. मान व्यक्तीला चिकटू द्यायचा नाही, ही वैष्णव आचारातली युक्ती इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

कीर्तनाचे संकेतही ठरलेले आहेत. कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा असतो, टाळकरी त्याच्या मागे उभे राहतात. कीर्तनकार आणि श्रोते यांच्या मधून कोणी जात नाही. टाळ, मृदंग किंवा पोथी ओलांडत नाहीत, चुकून पाय लागला तर हात लावून कपाळाला नेतात. आरती झाल्याशिवाय उठत नाहीत. कीर्तनकारावरचे बंधन याहून कडक आहे. जिथे कीर्तन करायचे तिथले अन्नही घेऊ नये, आपल्या जनावरासाठी चारासुद्धा मागू नये, इतक्या टोकाला तुकारामांनी हा नियम नेला आहे. आज प्रवास लांबचे आहेत आणि कीर्तनावर घर चालवणारेही आहेत, त्यामुळे प्रवासखर्च आणि बिदागी समजण्यासारखी आहे. पण आधी रक्कम ठरवून मगच तारीख देण्याची पद्धत त्या शिकवणीशी जुळत नाही.

गळ्यात माळ घालणे म्हणजे या सगळ्याला घरातल्या रोजच्या जगण्यात आणणे. तुळशीच्या १०८ मण्यांची माळ घेणारा मांस-मद्य सोडतो, एकादशी करतो, परस्त्रीला आई मानतो, खोटे न बोलण्याचे व्रत घेतो. माळ तुटली तर नवी घालेपर्यंत अनेक जण जेवत नाहीत. गोंदियासारख्या जिल्ह्यात या व्रतांना वेगळे वजन आहे. इथे भात हेच अन्न आहे आणि एकादशीला तोच वर्ज्य. गावोगावी मालगुजारी तलाव आहेत, मासळी रोजच्या खाण्यातली आहे. मोहफुलाची दारू काही परक्या मुलखातून येत नाही. त्यामुळे एका घरात एकाच्या गळ्यात माळ आणि बाकीचे मासे खाणारे, असे होणारच. अशा घरात माळकऱ्याचा खरा आचार दिसतो. तो आपले ताट वेगळे करील, पण इतरांच्या ताटाकडे बघून नाक मुरडणार नाही. निंदा, विशेषतः सज्जनांची निंदा, हा वैष्णव शास्त्राने दहा नामापराधांतला पहिला अपराध मानला आहे. आहाराचा नियम पाळून जिभेचा नियम मोडणाऱ्याने व्रत अर्धेच पाळले.

सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. दही, लाह्या, पोहे एकत्र कालवून हंडी फोडतात आणि तो काला लोक एकमेकांच्या तोंडात घालतात. त्यानंतर महाप्रसादाची पंगत: भात, वरण, आलू-वांग्याची भाजी. पंगतीत आधी बसायची घाई नसते, वाढणारे शेवटी जेवतात, पानात टाकायचे नसते. कालवलेला घास दुसऱ्याच्या हातून खाणे ही जातिभेदाच्या समाजात साधी गोष्ट नव्हती. तरीही हा समतेचा आचार मंदिराच्या दारापाशी कित्येक शतके अडला होता. अस्पृश्य ठरवलेल्या संत चोखोबांना हयातीत विठ्ठलाच्या गाभाऱ्यात जाता आले नाही. दलितांना ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण केले, तेव्हा ते उघडले. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या पंढरपूर मंदिर कायद्याने रद्द झाले, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला जानेवारी २०१४ उजाडले. त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांना पूजेसाठी अर्ज करण्याची मुभा दिली. परंपरेने शिकवलेले परंपरेच्या मंदिरात पोचायला इतका काळ लागला, हे वारकऱ्यांनी विसरता कामा नये.

विदर्भात ही शिकवण सर्वांत खरेपणाने जगले ते गाडगेबाबा. ते आपल्या पाया पडू देत नसत. गावात गेले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करत. देवळाच्या गाभाऱ्यापेक्षा वारकऱ्यांची सोय त्यांना मोलाची वाटे. पंढरपुरात त्यांनी चोखोबांच्या नावाची धर्मशाळा उभी केली, ज्यांना शहरात उतरायला जागा मिळत नसे त्यांच्यासाठी. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ त्यांचे निधन झाले. पाया पडू न देणे आणि सर्वांच्या पाया पडणे, या दोन्ही गोष्टी वरवर उलट दिसतात, पण दोन्हींतून मान एका जागी साठू दिला जात नाही.

गोंदियातल्या अनेक गावांत वीणेचा पहारा अजून पुरुषांकडेच आणि काही वस्त्यांपुरताच असतो. ज्या परंपरेत मुक्ताबाईने नामदेवांना धडा दिला आणि जनाबाईला संत मानले गेले, तिला हे शोभत नाही. यंदा धान घरात आल्यावर ज्या गावांत सप्ताह बसेल, तिथल्या मंडळींनी पहाऱ्यांची यादी करताना सगळ्या वस्त्यांतली नावे त्यात घालावीत, आणि बायकांचीही.