विषाचे नाव ठाऊक नसताना

जपानमधल्या मिनामाता गावी १९५७ मध्ये तिथल्या आरोग्य केंद्राचे प्रमुख डॉ. इतो यांनी एक साधा प्रयोग केला. निरोगी मांजरांना खाडीतली मासळी आणि शिंपले खाऊ घातले. काही आठवड्यांत मांजरे झोकांड्या खाऊ लागली, लाळ गळू लागली, आकडी येऊ लागली. कोळ्यांच्या वस्त्यांत तेव्हा असाच एक अनोळखी आजार पसरला होता. १ मे १९५६ रोजी त्याची अधिकृत नोंद झाली होती. हातपाय बधिर होत, जीभ अडखळे, नजरेचा घेर आवळत जाई. विष कुठले हे कोणालाच ठाऊक नव्हते; ते मासळीतून येते एवढे कळले होते. माझ्या मते, ती मासळी ताटातून काढायला तेवढे पुरेसे होते. पंगतीत विषबाधा झाली तर जंतूचे नाव कळेपर्यंत कोणी बासुंदी वाढत राहत नाही. पण अन्नविषयक कायदा इथे लावता येईल का, असे कुमामोतो प्रांताने विचारल्यावर आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर १९५७ मध्ये कळवले की, खाडीतली सगळीच मासळी विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही. सगळीच! एकेक मासा तपासल्याशिवाय असा पुरावा मिळणार कुठून?

त्या काळी विज्ञानच अपुरे होते, असा बचाव केला जातो. सेंद्रिय पाऱ्यावर कुमामोतो विद्यापीठाने बोट ठेवले ते जुलै १९५९ मध्ये, हे खरेच. गावातली चिस्सो कंपनी ॲसिटाल्डिहाइड बनवताना पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरी. त्या प्रक्रियेत मिथाइल पारा तयार होऊन सांडपाण्यासोबत समुद्रात जाई. लहान माशांतून मोठ्या माशांत तो साठत जाई आणि गर्भवतीच्या वारेतून बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचे. पण उत्तर हाती आल्यावर तरी काय झाले? कंपनीच्याच रुग्णालयातले डॉ. होसोकावा ४०० क्रमांकाच्या मांजराला अन्नातून कारखान्याचे सांडपाणी देत होते; त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेही आजारी पडले, आणि कंपनीने तो निष्कर्ष दडपला. उत्पादन मे १९६८ पर्यंत चालले. सरकारने कारण मान्य केले ते त्याच वर्षी सप्टेंबरात.

रोजगाराचा आक्षेप अधिक वजनदार आहे. गाव कारखान्यावर जगत होते. १९५९ च्या नोव्हेंबरात नगराध्यक्ष, व्यापारी आणि कामगार संघटनांनी मिळून सांडपाणी बंद करू नका, असे साकडे गव्हर्नरला घातले होते. पण कोळ्यांचा धंदा तोवर बुडालाच होता. प्रश्न होता तो तोटा कोणी सोसायचा एवढाच, आणि त्याचे उत्तर कंपनीने रुग्णांशी केलेल्या डिसेंबरातल्या करारात मिळाले: पुढे कारखानाच दोषी ठरला, तरी रुग्णांनी नवी भरपाई मागायची नाही. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सरकारलाही जबाबदार धरले, मात्र १९५९ च्या अखेरीनंतरच्या निष्क्रियतेसाठी. हा हिशेब सप्टेंबर १९५७ च्या त्या उत्तरापासून सुरू व्हायला हवा होता.