एकच फाईल, सत्तर निवाडे

व्हायरसटोटलवर एखादी संशयास्पद फाईल चढवली की जवळपास सत्तर अँटिव्हायरस तिची झडती घेतात. स्पेनमध्ये २००४ साली सुरू झालेली ही सेवा २०१२ पासून गूगलकडे आहे. निकाल वाचून मात्र माणूस चक्रावतो. काहीजण लाल शेरा मारतात, तर बाकीचे त्याच फाईलला निर्दोष ठरवून मोकळे होतात.

जुनी पद्धत सिग्नेचरची. पकडलेल्या व्हायरसमधली बाइट्सची ठरावीक ओळ नोंदवून ठेवायची आणि ती दुसरीकडे दिसली की घंटा वाजवायची. पण नोंद करायला आधी नमुना हाती लागावा लागतो, आणि तो बहुधा ग्राहकांच्याच संगणकांतून येतो. भारतात पेनड्राइव्हवरून पसरणारा वर्म पुण्याच्या क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीला लवकर सापडण्याची शक्यता जास्त. ब्राझीलमधल्या बँकग्राहकांना गंडवणारा ट्रोजन तिच्यापर्यंत कदाचित उशिरा पोचेल.

शिवाय व्हायरस लिहिणारेही काही झोपलेले नसतात. तोच कोड नव्याने पॅक केला की बाइट्स बदलतात आणि जुनी सिग्नेचर निकामी होते. म्हणून फाईलच्या वागण्यावर नजर ठेवली जाते. ती भराभर सगळे दस्तऐवज कुलूपबंद करत सुटली आहे का? आता संशय किती ताणायचा, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. खरी मेख इथेच आहे.

कारण खोटी घंटाही महागात पडते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने, जणू एखादी घुसखोर फाईलच सापडली अशा थाटात, विंडोज एक्सपीमधल्या ‘एसव्हीसीहोस्ट’ (svchost) या विंडोजच्याच फाईलला व्हायरस ठरवलं. संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले, नेटवर्क तुटलं. अमेरिकेतली रुग्णालयं आणि पोलिस खातीही त्यात अडकली.

बरं, अनेकांचं एकमत झालं म्हणजे ते खरंच, असंही नाही. कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने त्याच सुमारास वीस निरुपद्रवी फाईल तयार केल्या, त्यातल्या दहांना मुद्दाम व्हायरस ठरवलं आणि सगळ्या व्हायरसटोटलवर टाकल्या. दहा दिवसांत त्या दहा फाईलना तब्बल चौदापर्यंत इतर कंपन्या व्हायरस म्हणू लागल्या. कॉपी करणारा पोरगा शेजाऱ्याचं चुकलेलं गणितही उतरवतो, तसलाच प्रकार.

व्हायरसटोटल स्वतःच सांगतं, की आमच्या निकालांवरून अँटिव्हायरसची तुलना करू नका. घरच्या संगणकावरचं उत्पादन आणि इथलं इंजिन यांच्या सेटिंग वेगळ्या असू शकतात. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज ही संस्था उत्पादनांची तुलना करताना व्हायरस किती पकडले हे मोजतेच, आणि चांगल्या फाईलवर उगाच किती वेळा बोट ठेवलं, तेही मोजते.