राणीछाप रुपयाला खरंच लाखो मिळतात का? लिलावात भाव ठरतो कसा

रामपायली (बालाघाट) : दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवायचा राणीछाप किंवा राजाछाप रुपया आपल्या भागात पुष्कळ घरी जपून ठेवलेला असतो. सध्या मोबाईलवर व्हिडिओ फिरतात, की असं नाणं पाच-दहा लाखांना जातं. फोन लावला की समोरचा आधी ‘नोंदणी’ नाहीतर ‘टॅक्स’ म्हणून दोन-चार हजार मागतो, वरून रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्रही पाठवतो. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं होतं, की जुन्या नाणी-नोटांच्या असल्या व्यवहारांत बँक पडत नाही आणि कसलंही शुल्क घेत नाही. आधी पैसे मागितले, की फोन ठेवून द्या.

मग खरा भाव काय? सुरुवात चांदीपासून करा. हा रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. चांदी शंभर रुपये ग्रॅम धरली तर १,०६९ रुपये झाले. आजचा भाव टाकून हिशोब तुम्हीच करा. पण साल बघा. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच, ५.८३ ग्रॅम. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून घरातले लोक इथेच फसतात.

चांदीच्या वर जे मिळतं ते दुर्मिळपणाचं आणि नाण्याच्या अवस्थेचं. व्हिक्टोरियाचे रुपये कोट्यवधी निघाले, त्यामुळे साध्या, झिजलेल्या नाण्याला चांदीपेक्षा फार जास्त कोणी देत नाही. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया वेगळा. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली गेली. सगळ्यात दुर्मिळ १९३९ चा, आणि म्हणूनच १९३८ च्या शेवटच्या आकड्यात फेरफार करून बनवलेले नकलीही बाजारात आहेत.

आपल्याकडे नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं, त्या काळचा रुपयाही एखाद्या घरी निघतो. त्यावर फारसी अक्षरं आणि मोगल बादशहा अहमदशहाचं नाव असतं, म्हणून लोक त्याला मोगली समजतात. साचा नाण्यापेक्षा मोठा असायचा, सगळा मजकूर उमटत नसे. टांकसाळीचं नाव आणि साल जितकं वाचता येईल, तितका भाव चढतो.

माळेत ओवायला कडी डागलेली असेल, तर संग्राहकाच्या दृष्टीनं किंमत उतरली. चिंच, राख, पावडर लावून घासलं तरी तेच. मळकट असू द्या, हात लावू नका.

लिलावाच्या बातमीत येणारा आकडा विकणाऱ्याच्या हातात तसाच पडत नाही. त्यातून त्याचं कमिशन कापलं जातं, घेणाऱ्याला कमिशन आणि जीएसटी वेगळा. शिवाय बातमी होते ती सगळ्यात महाग गेलेल्या नाण्याची. बोलीच न लागलेली नाणी गुपचूप परत जातात. नाणं पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन दोन ठिकाणी दाखवा, कमिशन लेखी घ्या, आणि कमीत कमी किती आल्यावर विकायचं तेही लिहून घ्या. शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही, १९७२ चा कायदा आहे.

आजी-आजोबांकडून आलेलं नाणं बिनधास्त विका. पण जुनं घर पाडताना भिंतीत किंवा शेतात हंडा सापडला, तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या गुप्तधन कायद्यात जमिनीला जोडलेली भिंतही येते, आणि ऐवज दहा रुपयांवर असेल तर कलेक्टरला लेखी कळवावंच लागतं. मालक कोणी निघाला नाही आणि जागा दुसऱ्याची असेल, तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से, जागावाल्याला एक. सरकारनं ठेवून घेतलं तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देतं. लपवलं तर हिस्साही जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.